वॉराबिनचा तलाव

रविवार, ७ सप्टेंबर

आत्याने आज पुन्हा विचारलं. टोस्टला लोणी लावता लावता – 'मग माझं तिकीट कधीचं काढायचं?'

जणू चार दिवस राहायला आलीय! मी म्हटलं, आधी पाय नीट होऊ दे. ती म्हणाली, पाय नीट आहे. मी म्हटलं, ते फिजिओला ठरवू दे. तिने टोस्ट संपवला, बशी धुतली, वर गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

जूनमध्ये तिकडे ऑस्ट्रेलियात, वॉराबिनच्या घरी, स्वयंपाकघरात पाय घसरून पडली ती. खुब्याचं हाड मोडलं. फोन टेबलावर, ही जमिनीवर. शेजारची नोरीन दुपारी अंडी द्यायला आली तेव्हा कुठे कळलं. वॉराबिनला एके काळी छोटं हॉस्पिटल होतं, आत्या तिथलीच नर्स. ते बंद होऊनही आता किती वर्षं झाली. अँब्युलन्स दुसऱ्या गावाहून आली आणि तिला दीडशे किलोमीटरवर घेऊन गेली. मी एडिनबराहून ऑस्ट्रेलियाला पोचेपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं होतं. वॉर्डात तिला पाहिलं – एवढीशी दिसली! – आणि तिथेच ठरवून टाकलं, हिला आता एकटीला इथे ठेवायचं नाही.

यतीन लगेच हो म्हणाला. आमची लेक सान्वी ग्लासगोला शिकते, तिची खोली रिकामीच. आत्या तरुणपणी इकडे ब्रिटनमध्ये नर्स होती, तेव्हाचा ब्रिटिश पासपोर्ट तिने रिन्यू करत ठेवलाय, म्हणजे व्हिसाचाही प्रश्न नाही. सगळं जुळून आलं. फक्त तिला नीट विचारायचं राहिलं. 'चल, थोडे दिवस माझ्याकडे' – एवढंच म्हटलं होतं मी.

थोडे दिवस.


मंगळवार, ९ सप्टेंबर

ऑफिसात मोइराने विचारलं, तुझी आँट ऑस्ट्रेलियात कुठे असते? सिडनी? मी वॉराबिन सांगितलं. तिने फोनवर नकाशा उघडला. गावाचं नाव दिसायला बराच झूम करावा लागला.

एक रस्ता. त्यावर एक दुकान, त्यातच पोस्ट. गहू साठवायचे उंच सायलो. वीसेक मुलांची शाळा. पत्र्याचं छप्पर असलेला हॉल. आणि हॉलच्या मागे पोहायचा तलाव. जुलैमध्ये तिचं सामान बांधायला म्हणून मी आठवडाभर तिथे होते, तेव्हा तिकडे हिवाळा. तलावात हिरवं पाणी, वर निलगिरीची पानं तरंगत होती. आत्या काठी टेकत टेकत जाळीच्या कुंपणापर्यंत गेली आणि म्हणाली, 'ऑक्टोबरात घासून काढायला लागेल.' मी मान हलवली. माझ्या मनात तेव्हा विमानात तिला पाय लांब करता येतील अशी सीट मिळेल का, हे चाललं होतं.

कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, तलावाला पाणी आणि क्लोरीन देतं. बाकी सगळं गावाची कमिटी करते – साफसफाई, तिकीट, देखरेख. आत्या त्या कमिटीची प्रेसिडेंट. १९८३ साली ती तिथे गेली तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात शेततळ्यात बुडालेलं एक पोर तिच्यापुढे आणून ठेवलं होतं. त्यानंतर गावातल्या प्रत्येक मुलाला तिने पोहायला शिकवलं. ती स्वतः शिकली सांगलीला, कृष्णेत. आजोबा पाठीला सुका भोपळा बांधून तिला पाण्यात सोडायचे. वॉराबिनला भोपळे कुठून आणणार? हिने मुलांच्या पाठीला रिकामे प्लास्टिकचे कॅन बांधले.

हे सगळं मला बाबांकडून माहीत. ती स्वतः कधी सांगत नाही.


शुक्रवार, १२ सप्टेंबर

फिजिओ खूश. काठीची गरज नाही म्हणाली. पोहायलाही हरकत नाही. आत्याने लगेच विचारलं, विमानप्रवास? त्यालाही हरकत नाही! मग मी विचारलं – एकटीने राहणं? फिजिओ म्हणाली, घरात कुणी असेल तर उत्तम.

येताना बसमध्ये मी हे शेवटचं वाक्य दोनदा बोलून दाखवलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती.


शनिवार, २० सप्टेंबर

वाटलं होतं, हिला पोहायला नेलं की खुलेल. आमच्या जवळच्या स्पोर्ट्स सेंटरच्या पूलवर गेलो. चकाचक जागा. गरम पाणी. स्लो, मीडियम, फास्ट अशा लेन. आत्या स्लो लेनमध्ये उतरली आणि मी बघतच राहिले. जमिनीवर जरा लंगडते अजून. पाण्यात कुठे काही नाही! सरळ, शांत, आवाज न करता जात होती.

तिच्या शेजारी मुलांच्या भागात एक मुलगा पाय मारत होता – गुडघे दुमडून, नुसतं पाणी उडवत. आत्या थांबली. त्याच्याशी काहीतरी बोलली, हाताने त्याचा पाय सरळ करून दाखवला. दोन मिनिटांत तो पुढे जायला लागला. हसला पण. तेवढ्यात त्याची आई आली आणि मग लाइफगार्ड. पोरगेलासा, अतिशय नम्र. म्हणाला, सॉरी, इथे फक्त सर्टिफाइड इन्स्ट्रक्टरच मुलांना शिकवू शकतात, आणि मुलांना हात लावलेला चालत नाही.

नियम बरोबरच आहे. मीही त्या आईच्या जागी असते तर कदाचित हेच केलं असतं. आत्याने दोघांचीही माफी मागितली. कपडे बदलताना म्हणाली, 'छान आहे हं तुमचा पूल. पाणी कसं कोमट.'

परत जाऊ या का पुढच्या शनिवारी, असं मी विचारलं. म्हणाली, बघू.


रविवार, २१ सप्टेंबर

सान्वी आली होती दिवसभर. दोघी मिळून गप्पा मारत बसल्या. सान्वीचं मराठी ऐकून आत्याला हसू आवरेना. जाताना सान्वी दारात हळूच मला म्हणाली, 'मम्मा, आत्याआजी पेशंट नाही आहे. तू तिला पेशंटसारखा ठेवलाय.'

मला राग आला. म्हटलं, तू तिला त्या वॉर्डात पाहिलं नाहीस.


रविवार, २८ सप्टेंबर

आज झालं. व्हायचंच होतं.

आत्याने जेवताना सांगितलं की कमिटीची वार्षिक सभा १६ ऑक्टोबरला आहे, नोव्हेंबरात तलाव उघडतो, तर ती पुढच्या आठवड्यात जाणार. विचारलं नाही – सांगितलं. कौन्सिल बरीच वर्षं तलाव बंद करायच्या मागे आहे, यंदा त्यांचा माणूस सभेला येणार आहे, आपण असायला हवं म्हणाली.

मी सगळी कारणं काढली. हॉस्पिटल नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा. घराला पायऱ्या. ती प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत गेली. नोरीन रोज सकाळी येईल. गळ्यात अडकवायचं बटण घेईन, दाबलं की मदत येते. पायऱ्यांना कठडा लावून घेईन. यतीन मधेच म्हणाला, 'सुचेता, त्या एवढा विचार करून बोलतायत...' मी त्याला पुरं करू दिलं नाही.

'आणि पडलीस तर?'

'इथे पडले तर? तू ऑफिसात, यतीन ऑफिसात. शेजारच्या बाईचं नाव तरी माहितीय का तुला?'

नाही माहीत. अकरा वर्षं राहतोय इथे.

मग मी रडले. ठरवून नाही, पण रडले. बाबा गेले तेव्हा मी दुबईच्या विमानतळावर होते, पुढच्या विमानाची वाट बघत. आई गेली तेव्हा तर निघालेही नव्हते. म्हटलं, 'आता तू एकटीच उरलीयस, आत्या. तुझाही फोन मला असाच येणार का?'

तिने मग उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. 'बरं. रडू नकोस. मार्चपर्यंत राहते. मार्चनंतर बघू.'

मार्चमध्ये त्यांचा उन्हाळा संपतो.


सोमवार, २९ सप्टेंबर

नोरीनला मीच फोन केला. आत्या निदान मार्चपर्यंत तरी येत नाही, असं सांगितलं. 'निदान' म्हटलं मी. ते कशाला म्हटलं?  मग नोरीन म्हणाली, असं होणार असं वाटलंच होतं, मॅडीसाठी तेच बरं. तिथे सगळे आत्याला मॅडी म्हणतात. मधुमती कुणाच्या तोंडात बसणार?

फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. खरं सांगायचं तर – छान झोप लागली.


शनिवार, ४ ऑक्टोबर

आत्या आता काहीच मागत नाही. जे वाढू ते खाते. भाजी निवडते, टीव्ही बघते. दुपारी बसस्टॉपपर्यंत जाऊन परत येते. यतीन म्हणतो, रुळतायत. मला तसं वाटत नाही, पण मीही तेच म्हणते.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

सभेला व्हिडिओवरून हजर राहायचं ठरलंय. नोरीन सेक्रेटरी आहे, ती म्हणाली, हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे, त्यावर मॅडी दिसेल. त्यांची संध्याकाळ, आमची सकाळ. आत्या आज खूप दिवसांनी उत्साहात! मुलांच्या वेळापत्रकाचं नोरीनशी बोलत होती. कोणत्या मुलाला अजून खोल पाण्यात न्यायचं नाही, कुणाचा भाऊ धसमुसळा आहे. आमच्या ओळखीच्या लोकांबद्दल बोलावं तसं.

बघ, इथे राहूनही होतं की सगळं – असं म्हणाले मी. ती म्हणाली, हो गं.


गुरुवार, १६ ऑक्टोबर

लिहायला नको वाटतंय. पण लिहिते.

ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं होतं. आत्या सकाळीच तयार. निळी साडी नेसली – इथे आल्यापासून पहिल्यांदा. डायनिंग टेबलावर लॅपटॉप लावला. पडद्यावर तो हॉल, स्टीलच्या खुर्च्या, उन्हाने रापलेले चेहरे. सगळे हात हलवत होते. कुणीतरी ओरडलं, मॅडी, तुझा पाय दाखव! हसाहशी झाली. मी तिच्या मागे चहा घेऊन उभी होते. वाटलं, अरे, हिला किती लोक आहेत.

खुर्च्या अर्ध्या रिकाम्या होत्या. गवत कापणीची घाई, पावसाचा अंदाज, त्यामुळे बरेच लोक शेतातच. नोरीन दारात जाऊन बघून येत होती. कुणाचं पोर तापाने आजारी. शेवटी सुरू करायचं ठरलं.

कौन्सिलचा माणूस पहिल्याच रांगेत होता. गोरागोमटा, टाय लावलेला, बोलायला अगदी सभ्य. त्याने कमिटीची नियमावली काढली. कोरमला दहा सभासद लागतात. हॉलमध्ये नऊ होते. नोरीन म्हणाली, मॅडी धरून दहा. तो म्हणाला, मला खरंच वाईट वाटतंय, पण नियमात 'प्रत्यक्ष हजर' असं लिहिलंय.

कुणीतरी गाडी काढून कुणाला तरी आणायला धावलं. आम्ही थांबलो. फोन लागेना, शेतात रेंज नाही. तो माणूसही थांबला बराच वेळ, त्याच्याबद्दल तक्रार करता येणार नाही. मग म्हणाला, सभा भरली नाही म्हणजे कमिटी उरली नाही, तलाव कौन्सिलकडे परत येतो. आणि कौन्सिलकडे तिथे ठेवायला माणूस नाही, तेव्हा यंदा उघडता येणार नाही.

फक्त एक माणूस कमी. आणि ते माणूस माझ्या डायनिंग टेबलाशी बसलं होतं, निळी साडी नेसून.

नोरीन रडायला लागली. आत्या नाही. तिने एवढंच विचारलं, की यंदा कडक उन्हाळा सांगितलाय, मुलं शेततळ्यांवर जातील, तर शाळेत कुणीतरी येऊन सांगेल का – एकट्याने पाण्यात उतरायचं नाही. कौन्सिलचा माणूस म्हणाला, लिहून घेतो. मग तिने सगळ्यांचे आभार मानले आणि लॅपटॉप मिटला.

माझ्याकडे वळून म्हणाली, 'तुला उशीर झाला ना? डबा भरून देते.'


शुक्रवार, १७ ऑक्टोबर

ती एकदा तरी चिडली असती माझ्यावर!


शनिवार, १८ ऑक्टोबर

नोरीनशी बोलले. कौन्सिलच्या माणसाने जाता जाता सांगितलंय म्हणे, महिन्याच्या आत दुसरी सभा बोलावता येते. १३ नोव्हेंबर ठरवलीय. पण दहा माणसं प्रत्यक्ष हवीत. मी यतीनला काही न विचारता आत्याचं ६ नोव्हेंबरचं तिकीट काढलं. परतीचं काढलं नाही. ते ती ठरवेल.

सान्वीला फोन केला. म्हटलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, 'मम्मा, मला सांगून काय उपयोग? तिला सांग.'


सोमवार, २० ऑक्टोबर

सांगितलं. चकल्या तळताना. दिवाळी आहे ना, तेवढं तरी घरात व्हावं. पाठ फिरवूनच बोलले, तोंड बघून जमलं नसतं. की माझं चुकलं. मी तुझ्यासाठी नाही, माझ्या भीतीसाठी तुला अडवलं. तिकीट काढलंय, नोरीनही वाट बघतेय.

आत्याने गॅस बारीक केला. म्हणाली, चकली जळेल. मग म्हणाली, 'चुकलं कसलं? माझं माणूस म्हणून रडलीस. माझ्यासाठी तेवढं रडायला कोण आहे दुसरं?'

आणि मग, जरा वेळाने – 'कोणतं विमान? रात्रीचं की सकाळचं?'

चेहरा असा उजळला तिचा!


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आत्याची बॅग भरून तयार! अजून दोन आठवडे आहेत तरी. रोज टेकडी चढून येते. नोरीनसाठी शॉर्टब्रेड बिस्किटांचे डबे. मुलांसाठी चष्मे – पोहायचे, रंगीत. दुकानात मुलांची नावं बोटांवर मोजत उभी होती. मी पिशवी धरून मागे उभी. इतकी हलकी मी किती दिवसांत झाले नव्हते.


रविवार, २६ ऑक्टोबर

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतली आज. सकाळी नोरीनचा फोन. आत्या ओट्याशी काम करत होती म्हणून स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

नोरीन आणि तिचा नवरा वॉराबिन सोडतायत. बॅलरटला, मुलाकडे. घर विकलं गेलंय, पुढच्याच आठवड्यात सामान हलणार. तिला कळेना कसं सांगावं, म्हणून इतके दिवस सांगितलं नाही. मी तिकिटाचं बोलले तेव्हाही तिची जीभ रेटली नाही. म्हणाली, मुलगा दोन वर्षं मागे लागला होता, मी नाही म्हणत होते. मग तुझ्या भाचीचा फोन आला, की तू मार्चपर्यंत तरी येत नाहीस. त्या रात्री जॉन म्हणाला, मॅडी नाही तर आपण तरी कशासाठी थांबायचं? दुसऱ्या दिवशी मुलाला हो म्हटलं.

ती दोघं गेली की त्या नऊ जणांतले सातच राहतात. ज्यांनी गाडी काढून माणसं आणली असती, तीच ही दोघं.

आत्या म्हणाली, 'नोरीन, मुलाकडे जातेयस, चांगलंच आहे.' मग बॅलरटला थंडी फार का, घर मोठं आहे का, कोंबड्यांचं काय करणार, सगळं विचारलं. कोंबड्या शाळेला दिल्या म्हणे.

मी जिन्यात बसून राहिले. यतीन येऊन शेजारी बसला.  बरं झालं.


सोमवार, २७ ऑक्टोबर

म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. रजा काढते, घरोघर जाऊ, माणसं गोळा करू. आत्या म्हणाली, सभासद नवे करायचे तर तेही सभेतच करावे लागतात. नियम तिला पाठ आहेत.

पण नाही म्हणाली नाही. विचार करते म्हणाली.


गुरुवार, ३० ऑक्टोबर

संध्याकाळी घरी आले तर आत्याची बॅग रिकामी करून माळ्यावर टाकलेली. पोहायचे चष्मे पोस्टाने शाळेला पाठवून आली, एकटी, बसने जाऊन. घर विकायला काढायचं एजंटला कळवलं.

मी तिकिटाची तारीख पुढे ढकलू म्हटलं. जानेवारी, फेब्रुवारी, कधीही. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, 'नको, सुचू. आता तिथे कुणाकडे जाऊ?'

तिकीट रद्द केलं. आत्या कायमची माझ्याकडे राहणार आहे.